मधल्या जागा

मराठीत बोललं की इथे कुणाला कळत नाही, असं मानणाऱ्यांपैकी मीही एक होतो. पामर्स्टन नॉर्थला आमच्या शेजारी आदे राहतो. नायजेरियाचा, माझ्यासारखाच निवृत्त होऊन लेकराकडे येऊन पडलेला. कुंपणापाशी उभा राहून तो बहिणीशी फोनवर योरुबात बोलतो. एकदा मी विचारलं, “डॉक्टर, पेन्शन, बट, ॲक्च्युअली, एवढं मला कळलं. यात योरुबा कुठे होती?”

“मधल्या जागांत,” तो म्हणाला.

गेल्या महिन्यात अंगणातूनच मी सांगलीला भावाला फोन लावला. “बाळ्या, बायोप्सीचा रिपोर्ट आला. कॅन्सरच आहे, लिव्हरपर्यंत स्प्रेड झालाय. सर्जरीचा चान्स नाही म्हणतात. आणि हे बघ, वीणाला यातलं अवाक्षर कळता कामा नये. पोरीला सातवा लागलाय.”

संध्याकाळी आदे केक घेऊन आला. दार वीणानेच उघडलं. “वडिलांच्या कॅन्सरचं ऐकून फार वाईट वाटलं,” तो तिला म्हणाला. “हॉस्पिटलला कधीही न्यायचं असलं तर मी आहे.” वीणा हातात केक धरून माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला कुंपणापाशी गाठलं. “तुला मराठी कधीपासून कळायला लागली?”

“कुठे कळते? बायोप्सी, रिपोर्ट, कॅन्सर, लिव्हर. यात न कळण्यासारखं काय होतं?”

“त्यापुढे मी म्हणालो होतो, मुलीला कळू देऊ नकोस.”



“मग तेवढंच कशाला मराठीत बोललास?”