हैबतीने चुलीशेजारी पेरलेली वांगी

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा, एक विचारतो. ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याच्यासाठी धावायचं की थांबायचं? — धावायचं? वा! तुमचं धावणं मी प्रसादाच्या वेळी बघतोच. आता ऐका.

डोंगराखालच्या एका वाडीत हैबती नावाचा म्हातारा. बायको चिमाबाई. एकुलती लेक मैना — लग्नानंतर कित्येक वर्षांनी पोटुशी राहिली. निरोप आला, "बाळंतपणाला येते. आणि आबा, आपल्या परसातली काटेरी वांगी खावीशी वाटतात."

झालं! घरात त्या वांग्याचं बी उरलेलं चिमूटभर, वाडीत दुसऱ्या कुणाकडे नाही. आणि महिना मार्गशीर्ष! बाहेर दात वाजतायत. चिमाबाई म्हणाली, "अहो, संक्रांत होऊ द्या, मग पेरा."

"लेक वांगं मागते, आणि मी पंचांग बघत बसू?"

सगळं बी पेरलं! कुठे? घरात — फुटक्या माठात, चुलीशेजारी!

उगवलं हो! हैबती वाडीभर सांगत सुटला. पण मंडळी, चुलीपाशी ऊब होती, ऊन कुठे होतं? रोपं उजेड शोधत नुसती उंच झाली. पांढरीफटक, मान टाकलेली. चिमाबाई म्हणाली, "अगदी तुमच्यावर गेलीत."

हैबती घाबरला. "यांना मोकळी हवा पाहिजे!" पौषातली सकाळ, दवानं गवत पांढरं — आणि हा परसात खड्डे खणतोय! तेवढ्यात दारात गाडी थांबली. मैना उतरली, ती तडक परसात.

"आबा, या थंडीत? मरतील ती!"

"मग तुझ्या ताटात काय वाढू गं?" बापाची कुदळ चालूच.

मैना हळूच खाली बसली. "आबा, मी कितव्या महिन्यात झाले?"

"सातव्या."

"मग मला अंगणात नेऊन ठेवलंत?"

"खुळी का काय! कापसात गुंडाळलं होतं तुला. सकाळचं कोवळं ऊन दाखवायचं, वारा सुटला की आत. थंडी सरेपर्यंत मी —"

थांबला. कुदळ खाली ठेवली.

त्या दिवसापासून सकाळी माठ उन्हात, सांजेला माठ आत. शेजारी म्हणाला, "हैबती, तीट लावलीस का रे?"

"लावली!" — आणि खरंच लावली होती हो, माठाला!

काही रोपं गेली, काही तगली. देठ जाड झाले. थंडी सरल्यावर परसात लावली, वांगी लागली. पण तोवर मैनेला मुलगी झाली, आणि बाळंतिणीला वांगं चालतं का? — बघा, मागच्या आज्यांच्या माना कशा हलल्या! चिमाबाईनं बजावलं, "एक फोड मिळायची नाही!" हैबती रोज परसात जाई, वांगी बघे, परत येई.

पथ्य सरलं, आणि लेक सासरी निघायच्या आदल्या दिवशी चिमाबाईनं भरली वांगी केली. मैना जेवत होती. हैबती समोर, मांडीवर नात. स्वतः जेवायचं विसरला.

तर मंडळी, हैबती थांबला, पण रोज माठ उचलत होता. तुमच्या घरी कोण आहे असं कोवळं? अडीच वर्षांच्या पोराला क्लास लावलेले पुढच्याच रांगेत बसलेत. मी नावं घेत नाही — माना आपोआप खाली गेल्यात. आता घरी जाल, तेव्हा पोर झोपलेलं असेल. पाढे विचारायला उठवू नका. पांघरूण तेवढं सारखं करा.