शनिवारची बैठक चालू राहील

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे कार्याध्यक्ष माननीय बाबाजीराव, व्यासपीठावरील पाहुणे, सत्कारमूर्ती, आपल्या ग्रंथपाल सुलोचनाबाई आणि माझ्या सर्वण गावच्या बंधुभगिनींनो,

मी सुमंगला. दर शनिवारी वाचनालयात बाईंच्या बैठकीत पुढच्या चटईवर बसणारी. मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. दोनात भागणार नाही, आधीच सांगते.

बाई काय करत होत्या? साध्या, सावध जगण्यावरचं एक छोटंसं पुस्तक, त्यातलं पान मोठ्यानं वाचायच्या. मग बोलायचं आम्ही. नियम एकच. कुणाला विरोध करायचा तर आधी त्याचं म्हणणं त्याच्यासमोर सांगायचं. त्यानं 'हय', म्हणजे 'होय', म्हटलं, तरच आपलं मत मांडायचं. समोरचा बोलत असताना मनात आपलं उत्तर शिजवत बसणाऱ्याची तिथे पंचाईतच!

मराठी की कोकणी, ह्या राजभाषेच्या आंदोलनात गोव्यातली गावं दुभंगली, तसं माझं घरही. आमचे हे, शिवदास, मराठीच्या मोर्चात. मुलगा किरण पणजीला कॉलेजात, तो कोकणीच्या. ताटाला ताट लावून जेवायचे, पण 'मीठ दे' हेसुद्धा माझ्यामार्फत! शेवटी दोघांना ओढतच बैठकीला नेलं. ह्यांनी किरणचं म्हणणं सांगितलं, "तुका मराठी नाका, अशें तुजें म्हणणें."

"ना बाबा, हांवें तशें म्हणूंक ना."

तसं म्हटलंच नाही म्हणे! पुन्हा सांगितलं, पुन्हा ना. घामाघूम झाले हो! अखेर हळूच म्हणाले, "मराठी पुस्तकां तूंय वाचता. पूण घरांत आमी उलयतात ती भास कोणें हलकी म्हणूंक फावना."

घरात बोलतो त्या भाषेला कुणी हलकी म्हणू नये, एवढंच. किरण म्हणाला, "हय." मग त्याची पाळी आली. बापाचं म्हणणं सांगताना त्यालाही दोनदा 'ना' ऐकावं लागलं.

एकमत झालं का? नाही. गोवा घटकराज्य झालं, तरी नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहात उंडे पाव बुडवत दोघं माझ्या मध्यस्थीशिवाय भांडले. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

आणि हीच बैठक वाचनालयाच्या समितीला नकोशी झाली. बाईंना वयाचं कारण सांगून घरी बसवलं, आणि बैठक बंद. बाबाजीराव, नियमाप्रमाणे आधी तुमचं म्हणणं सांगते. बैठकीत दोन्ही बाजूंची माणसं येतात, एखाद्या दिवशी हाणामारी होईल, वाचनालयाला टाळं लागेल, ही तुमची भीती. बरोबर ना? ...मान हलवलीत, आभारी आहे.

आता माझं ऐका. हाणामाऱ्या झाल्या त्या बाहेर, जिथे कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. चटईवर कुणाचा हात उठलेला मी पाहिला नाही. तुमची भीती खरी असेल, पण उपाय उरफाटा आहे! किल्ली तुमच्याकडे आहे, खुशाल ठेवा. माझ्या घराच्या सोप्याला कुलूप नाही. येत्या शनिवारपासून बाई तिथे वाचतील. मराठीवाले येतील, कोकणीवाले येतील, आणि तुम्हीही यायचं आहे. समारोपात मला उत्तर द्याल, जरूर द्या. फक्त आधी माझं म्हणणं सांगून द्या.

एवढं ऐकून घेतलंत, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात जीभ घसरली असेल तर पदरात घ्या.

बाई, शाल घ्या, श्रीफळ घ्या. निरोप मात्र आम्ही देत नाही.