प्रजननाचा धडा शेवटी

कान्हे फाट्यावर टाकव्याच्या एसटीची वाट बघत हायस्कूलचे दोन विज्ञानशिक्षक माझ्यापुढे उभे होते, केदारी सर आणि मुलाणी मॅडम. मॅडमच्या हातात दहावीच्या वार्षिक नियोजनाचा कागद होता.

"सर, प्रजननाचा धडा पुन्हा शेवटी टाकलात?"

"आधी गुरुत्वाकर्षण, रासायनिक अभिक्रिया, मग विद्युतधारा. तासिका कुठून आणू, मॅडम? हा धडा मुलं घरी वाचतात."

"कुणी वाचत नाही. दरवर्षी नेमका हाच राहतो."

"मुलं हसतात, मुली माना खाली घालतात, आणि पालकांचे फोन मला येतात!"

"परवा एका मुलीनं मला विचारलं, मुलगा होत नाही हा आईचा दोष असतो का? तिसरी मुलगी झाली म्हणून आजी तिच्या आईशी बोलत नाही."

"मग काय सांगितलंत?"

"ते वडिलांच्या गुणसूत्रावर ठरतं. त्याच धड्यात आहे, सर!"

"अहो, हळू बोला. लोक ऐकतायत."

"ऐकू देत."

माझ्यामागच्या म्हाताऱ्या मावशी पुढे सरकल्या.

"काय म्हनलात मॅडम? बापावर ठरतं?"

"हो, मावशी."

"आन् हे पुस्तकात लिवलंय?"

"लिहिलंय."

"मला चार लेकी. सासू मरस्तवर मलाच बोलली. मास्तर, तुमास्नी हे ठावं हुतं?"

"हो, मावशी. ठाऊक होतं."

"मंग सांगितलं का न्हाई वो कुनाला?"

सरांनी खिशातून पेन काढलं.

"द्या तो कागद इकडे, मॅडम. जूनमध्ये घेऊ."