उतरती रेघ

(धारूरच्या घाटमाथ्यावरचं घर. ओट्यावर दहावीचं भूमितीचं पुस्तक उघडं. नणंद-भावजय त्यावर वाकलेल्या. दोन हातांवर सासू शेळीची धार काढतेय.)

धनश्री : वैनी, तुझ्या सगळ्या रेषा वरच चढल्यात. एक बी खाली उतरंना.

मोहिनी : मग चांगलंच हाय की.

धनश्री : चांगलं कावून? मागं उत्तरं बघ. अर्ध्या रेषांचा चढ उणे हाय. तुझा उणे गेला कुठं?

मोहिनी : मी त्याला येऊच देत न्हाई. वर मोठ्या आकड्यातून बारका वजा करायचा, खाली बी तसंच. मग त्याला शिरायला जागाच राहत न्हाई.

धनश्री : परवा पेपर हाय, वैनी. दोन टायमाला ह्याच विषयात उडालीस. दहावी झाल्याबगर एसटीत कंडक्टर घेत न्हाईत.

मोहिनी : हळू बोल. आत्याबाईंचे कान इकडंच हायत.

भामाबाई : माझे कान शेळीकडं हायत. बोला तुमी.

धनश्री : माय, तुझ्यापायी वैनी कंडक्टर व्हायची न्हाई बघ.

भामाबाई : मी काय केलं? शेळ्या मी राखते, भाकरी मी थापते, आन ही पुस्तक घिऊन बसती.

धनश्री : पीठ संपलं तर काय म्हणायचं आपल्या घरी?

भामाबाई : वाढलं म्हणायचं.

धनश्री : बांगडी फुटली तर?

भामाबाई : वाढली. घरात उणं बोलू न्हाई. लक्षिमी ऐकत असती.

धनश्री : एवढं समदं वाढतंय, तरी दुकानात मलाच पळावं लागतं.

मोहिनी : थट्टा नको, धने. लगीन होऊन आले तवापासून हेच वळण लागलं. पेपरात उणे आला की हात थांबतो. वाटतं, तपासणारा लेकराबाळांचा माणूस, त्याच्या हाती उणं कशाला द्यावं. मग आकडे फिरवते.

धनश्री : आन त्यो शून्य देतो. त्याच्या घरी चालत असंल. बरं, हिकडं बघ. कोळशानं काढते. हा अ बिंदू, एक आन सहा. हा ब, चार आन शून्य. आता आपली बोडकी शेळी डावीकडनं उजवीकडं निघाली. कशी जाती?

मोहिनी : अ पासून ब कडं... खाली.

धनश्री : तुझा हिशोब काय म्हणतो? सहातून शून्य, सहा. चारातून एक, तीन. चढ दोन. म्हंजे बोडकी चढाया लागली.

भामाबाई : तिला दवाखान्यात दाव.

मोहिनी : पण तिकडनं आली तर? घाटाचं तसंच हाय की. एसटी तेलगावाकडनं येती तवा चढ, माघारी जाती तवा उतार.

धनश्री : आता खरं इचारलंस. तिकडनं धर. वर अ चे सहा, त्यातून ब चा शून्य. सहा. खाली बी अ चाच आकडा आधी. एकातून चार.

मोहिनी : तीन.

धनश्री : नुसतं तीन?

मोहिनी : फुडचं तुला ठावं हाय.

धनश्री : बरं. भाग दे.

मोहिनी : दोन. आन ते फुडचं.

धनश्री : आता ब आधी घे.

मोहिनी : शून्यातून सहा... सहा, आन ते फुडचं. खाली चारातून एक, तीन. दोन, आन परत ते फुडचं. अगं, दोन्हीकडनं तेच येतंय.

धनश्री : येणारच. रेघ वाचायची डावीकडनं उजवीकडं, पुस्तकातली वळ वाचतो तशी. मग एसटी कुणीकडं का जाईना.

मोहिनी : म्हंजे वर ज्याचा आकडा आधी, खाली बी त्याचाच आधी. मी वर अ चा घेत होते आन खाली ब चा.

धनश्री : हां. आता उत्तर नीट त्वांडानं म्हण.

मोहिनी : आत्याबाई बसल्यात.

धनश्री : माय, शेळी घिऊन जरा तिकडं जा.

भामाबाई : कावून जाऊ? अर्धं दूध कासंतच हाय. आन उणं बोलू न्हाई म्हणले मी. लिवू न्हाई, असं कदी म्हणले? मला लिवता येतंय व्हय, त्याचा कायदा कराया?

धनश्री : सुटलीस, वैनी.

मोहिनी : आन तरी बी नापास झाले तर, आत्याबाई?

भामाबाई : तर माझी खिडकीजवळची शीट गेली. तुझ्या गाडीत बसून घाट उतरायचाय मला. आजवर शेळ्यांमागं पायीच उतरले.

मोहिनी : हे कदी बोलला न्हाईत.

भामाबाई : तू कदी पास झालीस? घाल गं धने, तिला आणिक एक गणित.

धनश्री : क, दोन आन सात. ड, पाच आन चार. कर.

मोहिनी : चारातून सात... पाचातून दोन... झालं.

धनश्री : किती?

मोहिनी : लिवलंय.

धनश्री : दाव. बरोबर हाय, वैनी. अगदी बरोबर.

भामाबाई : ते उणं कुठंय त्यात?

मोहिनी : ही बघा. एकाच्या आधीची, आडवी रेघ.

भामाबाई : ही?

मोहिनी : हीच.

भामाबाई : मला वाटलं, लई मोठी असंल.