पायांवर पडलेली ओढणी

आमचं गाव बदलापूरच्या पुढं, रानाच्या कडेला, पावसाळ्यात भात आणि बाकी वर्षभर लाकूडतोड, त्यामुळं हाताचा पंजा असा झालेला, बघा. भरतीच्या साहेबांनी हाच पंजा दाबून पाहिला आणि म्हणाले, घ्या याला. आई म्हणाली, पोलिसात जातोस तर जा, पण बाईमाणसावर हात टाकू नकोस.

फाळणी झाली तशी सिंधी माणसं कल्याण कॅम्पात आली, त्यालाच पुढं उल्हासनगर म्हणायला लागले. लष्कराच्या रिकाम्या बराकी, मधे गोणपाटाचे पडदे लावून बिऱ्हाडं. माझी ड्यूटी पाण्याच्या नळावर. हसू नका, त्या नळावर डोकी फुटायची. आमचे शिर्के हवालदार रोज सकाळी घोकून घ्यायचे, लाठी कमरेखाली मारायची, डोक्यात कधी नाही, नजर समोरच्याच्या हातांवर, आणि जमावापुढं वाकायचं नाही, चप्पल तुटली तरी वाकायचं नाही, वाकला तो गेला.

त्या उन्हाळ्यात भर दुपारी नळ बंद पडले. पाणी पलीकडच्या बराकींना सोडलं अशी आवई उठली आणि हरी म्हणून एक पापडवाला, रोज मला भाऊसाब भाऊसाब करणारा, तो लोखंडी पाना घेऊन मुख्य चावी फिरवायला निघाला, मागं सगळी बराक. आम्ही सहा शिपाई. मी आडवा आलो, म्हटलं हरी, मागं हो. तो म्हणाला, भाऊसाब, घर में बच्चा प्यासा है, तुम हटो. आणि पाना वर.

काय सांगू तुम्हाला, कानच गेले हो माझे. एवढी माणसं ओरडत होती, पण मला आवाज नाही. हरीचं तोंड दिसेना, माणसं दिसेनात, दिसत होता तो फक्त पाना. तोंडाला कोरड. आणि लाठी डोक्यावर गेलेली, मी नेली नाही, गेली. कमरेखाली मारायची हे सगळं सकाळचं सकाळीच राहिलं.

तेवढ्यात पांढरं काही अंगावर आलं. वाटलं, फेकलं काही. हात सुटणारच, तर पाना खाली गेला. मला तेवढंच दिसत होतं म्हणून मी थांबलो, नाहीतर लाठी बसली असती ती हरीच्या आईच्या डोक्यात. म्हातारी मधे उभी, उघड्या डोक्यानं, आणि तिची ओढणी माझ्या पायांवर.

विहिरीतून यावा तसा आवाज आला, शेजारचा एक म्हातारा सांगत होता, भाऊ, इसको उठा के माई के सिर पे रखो, हमारे में औरत ओढ़नी डाले तो झगड़ा वहीं बंद, नहीं उठाया तो ये लड़के अब नहीं रुकेंगे. मागून शिर्के ओरडले, वाकू नकोस रे, डोकं फोडतील! पन्नास हात पुढ्यात आणि हरीच्या मुठीत पाना तसाच.

बोटं लाठीवरून सुटेनात. डाव्या हातानं एकेक सोडवली, लाठी खाली ठेवली आणि वाकलो. मानेवर गार वाटत होतं, आता बसेल, आता बसेल. कोणी हाललं नाही. ओढणी झटकली, माईच्या डोक्यावर ठेवली. ती म्हणाली, जीअं पुट. म्हणजे जगत राहा, बाळा. हरीनं पाना माझ्या हातात दिला आणि रडायला लागला.

नंतर बराकीमागं जाऊन मी ओकलो. शिर्के आले, वाटलं आता वर्दी उतरवतात, तर पाण्याचा तांब्या पुढं केला, म्हणाले, चूळ भर, माझंही असंच होतं, कवायतीत सांगत नाही इतकंच.

मी सांगतो. आता मीच हवालदार, अंबरनाथला नवी पोरं माझ्या हाताखाली. त्यांना म्हणतो, कान जातील, नजर बारीक होईल, हात आपला राहणार नाही, तेव्हा आधी श्वास सोडा, मग बघा समोर कोण आहे. वाकायचं नाही हेही शिकवतो, काय करणार, नियम आहे. पण कॅम्पात गेलो आणि माई दिसली की लाठी आपोआप डाव्या हाताला जाते आणि मी पुरता वाकतो. तिला आता नीट दिसत नाही, डोकं चाचपते माझं, टोपी बाजूला सारून हात ठेवते. माझं चांगलं चाललंय, बघा.