रेजिनाल्डची हजामत

...आणि वर म्हणे, केस गळत नाहीत! अहो, गळत नाहीत तर जातात कुठे? हा प्रश्न कुणी विचारला? मी नाही विचारला! माणसाचे गळतात, मेंढीचे कातरतात, माझे तर पन्नाशीतच निघून गेले, जाताना निरोपसुद्धा घेतला नाही... आणि ह्या कुत्र्याचे म्हणे गळतच नाहीत! जेनीननं, म्हणजे माझ्या पोरीनं, त्याला गाडीतून उतरवलं आणि दारातच सांगितलं, "बाबा, ह्याचं काही करावं लागत नाही हो. सोफ्यावर केस नाहीत, कपड्यांवर नाहीत, मला शिंका नाहीत. केस गळतच नाहीत ह्याचे! फक्त रोज विंचरा, मुळापासून." आता त्या 'फक्त'च्या पुढचं मला ऐकूच आलं नाही. बेरिलबरोबर इतकी वर्षं संसार केला, 'नेव्हिल, तू फक्त एवढंच कर' म्हटलं की माझे कान आपोआप मिटतात, त्याला मी काय करू?

बरं, कुत्रा तरी कसला? निम्मा पूडल, निम्मा कुठलासा स्पॅनियल, रंग पिकल्या जर्दाळूचा, अंगभर कुरळे कुरळे... आणि नाव काय? रेजिनाल्ड! अहो, आमच्या भागात कुत्र्याचं नाव असतं जॅक, नाहीतर टिप. एका दमात हाक गेली पाहिजे. ह्याला 'रेजि' म्हणेपर्यंत मेंढ्या कुंपणापलीकडे, आणि 'नाल्ड' म्हणेपर्यंत शेजारच्या राज्यात!

आता जेनीनची नोकरी तिकडे पश्चिमेला, लोखंडाच्या खाणीत. तीन आठवडे खाणीत, एक आठवडा घरी. एक मैत्रीण सांभाळायची रेजिनाल्डला, तिचं लग्न झालं, नवरा म्हणाला कुत्रा नको. (असल्या माणसांशी लग्नं करतात!) म्हणून स्वारी माझ्याकडे. पण कायमची नाही हं. जेनीननं बजावलं, "ही एक पाळी बघू, बाबा. नीट ठेवलात तर पुढेही तुमच्याकडेच. नाहीतर शहरात कुत्र्यांचं वसतिगृह आहे, तिथे ठेवीन." म्हणजे माझी परीक्षा! मी शाळेत इतकाच गेलो की मास्तरांना माझा चेहरासुद्धा पाठ झाला नाही, आणि आता ह्या वयात परीक्षा! मी म्हटलं, "मला काय त्याचं? ने खुशाल वसतिगृहात."

असं म्हटलं. म्हणायचं असतं. पण खरं सांगू? जेनीनजवळ बोलू नका... बेरिल गेल्यापासून घरात आवाज म्हणजे एका फ्रीजचा. तो घरघरायचा थांबला की मी उठून बघायला जायचो, काय झालं बुवा ह्याला म्हणून. आणि हा बेटा पहिल्याच संध्याकाळी बेरिलच्या खुर्चीवर चढून बसला, मान तिरकी केली आणि माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही विचारतोय, 'हं, मग आज काय काय झालं?' अहो, किती दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं! मी सांगत बसलो की हो त्याला! तर कुत्रा मला हवा होता. बस्स. झालं. पुढे चला.

तर तीन आठवडे मी त्याला ठेवला राजासारखा. जेनीननं कंगव्याबिंगव्यांची एक पिशवी दिली होती, ती खिळ्याला टांगली ती टांगलीच. मी घेतला बेरिलचा केसांचा ब्रश, आणि रोज वरून असा... असा... अलगद फिरवायचो. काय फुलायचा! ढग हो, चार पायांचा ढग! पोस्टातल्या बायका काउंटर सोडून बाहेर यायच्या. मी ऐटीत, "काही नाही करावं लागत. केस गळत नाहीत ह्याचे!"

आणि मग उजाडला शनिवार. रविवारी जेनीन येणार, आणि शनिवारी सकाळी आमचे रेजिनाल्डसाहेब नदीकाठी गेले आणि कुणीतरी काठावर फेकलेल्या कार्प माशावर लोळले. मासा कधीचा? तुम्हाला सांगतो, त्या माशाला माशांनीसुद्धा टाकून दिलं असेल! वास असा की लोफ्टीची बिअरवरची वासना उडाली. लोफ्टी माझा जुना जोडीदार. लोफ्टी म्हणजे उंचेला... माझ्या खांद्याला लागतो म्हणून उंचेला, आमच्याकडे नावं अशीच ठेवतात. आम्ही दोघांनी उभा जन्म मेंढ्या कातरल्या. लोकांना झोप लागत नाही तेव्हा ते मेंढ्या मोजतात म्हणे. मी मोजायला लागलो की पाठ धरते!

लोफ्टी म्हणाला, "धुऊ या." धुतला. कपडे धुवायच्या हौदात, भांड्यांच्या साबणानं, खसाखसा! मी म्हटलं, "चल, आता पुसून विंचरून काढू."

"थांब," लोफ्टी म्हणाला. "ओला आहे."

"मग?"

"मग काय मग! ओल्याला हात लावायचा नाही. कायदा तो कायदा. मतदान घे."

आता हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्या धंद्यात ओली मेंढी कातरत नाहीत, माणसाचं अंग धरतं, लोकर कुजते. पण मेंढी ओली की कोरडी हे ठरवणार कोण? मालकाला विचाराल तर तो नदीतून निघालेल्या मेंढीलाही कोरडी म्हणेल! म्हणून कातरणारे मत देतात. गुप्त. टोपीत चिठ्ठ्या. 'ओली' निघाली की काम बंद आणि बिअर सुरू. काय सांगू तुम्हाला, इतकी निर्मळ लोकशाही मी जगात दुसरीकडे पाहिली नाही!

"अरे, पण आपण दोघंच आहोत," मी म्हटलं.

"दोघंही कातरणारेच ना? काढ टोपी."

काढली. कोपऱ्यात तोंड करून चिठ्ठ्या लिहिल्या. टोपीतून निघाल्या तीन. तिन्हींवर 'ओला'! लोफ्टी माझ्याकडे बघतोय, मी लोफ्टीकडे बघतोय...

"नेव्हिल, माणसं दोन आणि मतं तीन?"

"तुझीच जुनी सवय ती," मी म्हटलं. (जादाचं माझंच होतं. पण ते जाऊ द्या.)

तर काम बंद! रेजिनाल्डला ठेवला उन्हात वाळत, आणि आम्ही बसलो झाडाखाली. मे महिन्याचं कोवळं ऊन (आमच्याकडे मे म्हणजे थंडीचं तोंड), गार बाटली, कुत्रा वाळतोय... आणि तो वाळतोय वाळतोय तसा आकसतोय! मी म्हटलं, लोफ्टी, कुत्रा लहान होतोय का रे? लोफ्टी म्हणाला, लांब बसलाय म्हणून तसा दिसतो. अहो, पायाशी बसला होता!

तेवढ्यात कुंपणावरून मोइराबाई. मोइरा शेजारीण, एके काळी आमच्या कातरणीच्या शेडवर स्वयंपाकाला असायची. तिच्या हातचं मटण चावताना वाटायचं, मेंढीनं आपला सूड घेतला! ती आली, तिनं रेजिनाल्डच्या पाठीत बोटं घातली. बोटं आत जाईनात. तिनं खिळ्यावरची पिशवी काढली, पोलादी कंगवा काढला, लावला. कंगवा उभाच्या उभा राहिला, चिखलात काठी रोवावी तसा.

"नेव्हिल, मुळापासून विंचरलंस का रे ह्याला?"

"रोज!"

"मुळापासून?"

"...मुळाच्या दिशेनं."

"अरे गाढवा! केस गळत नाहीत म्हणजे सुटलेला केस खाली पडत नाही, शेजारच्या केसाला मिठी मारून तिथंच बसतो! वर ढग आणि आत जटा! आणि त्या जटा न सोडवता तू त्यात पाणी ओतलंस? साबण घासलास? वर उन्हात वाळवलंस? अरे, ह्यालाच तर घोंगडं करणं म्हणतात! जन्मभर लोकरीत हात घालूनही तुला एवढं कळू नये?"

"आम्ही कातरून द्यायचो, मोइरा. पुढे तिचं काय व्हायचं, ते आम्ही कधी विचारलं?"

केस गळत नाहीत म्हणे! आता कळलं जातात कुठे? कुठेच नाहीत! सगळे हजर! तीन आठवड्यांचा एक केस गैरहजर नाही!

मोइरा म्हणाली, "आता विंचरायचं नाव काढू नकोस, कातडी ओरबाडेल बिचाऱ्याची. सगळं उतरवायचं." मी म्हटलं, एवढंच ना? आलो! आणि शेडमधलं माझं जुनं मेंढ्यांचं मशीन घेऊन आलो. मोइरा दारात आडवी. "ते त्याच्या अंगाला लावलंस ना, तर मी तेच तुझ्या अंगाला लावीन." मग पिशवीतलं निघालं छोटं मशीन. तुम्हाला सांगतो, एवढंसं! त्याचा आवाज म्हणजे बाटलीत अडकलेली माशी. पण घेतलं हातात. रेजिनाल्डला बसवला मेंढीसारखा, ढुंगणावर, पाठ माझ्या गुडघ्यांत. मेंढी अशी बसवली की ती गप्प होते, म्हणते, झालं, संपलं सगळं. ह्याला वाटलं लाड चाललेत! मान वर केली आणि माझ्या नाकाचा मुका घेतला. अहो, लाखभर मेंढ्या ह्या गुडघ्यांतून गेल्या असतील, एकीनं मुका घेतला नाही हो!

आणि मग... बाकी सगळं विसरलो मी, पण हात नाही विसरले. डाव्या हातानं कातडी ताणायची, उजवा हात सरळ, लांब, जटेच्या खालून. दर थोड्या वेळानं पातं आपल्या गालाला लावून बघायचं, तापलं तर थांबायचं. काखेत हळू. कानाशी त्याहून हळू. मोइरा रेजिनाल्डच्या कानात काहीतरी पुटपुटत होती. आणि सगळं घोंगडं एका तुकड्यात उतरलं हो! अख्खं! मी सवयीनं, मेंढीची लोकर फेकायचो तसं, ते झोकात टेबलावर फेकलं, ते पसरलं नाही. टक्कन आवाज झाला.

आणि आतून निघालं कोण? सोललेली कोळंबी! गुलाबी, बारीक, दोन मोठे डोळे आणि शेपटीच्या टोकाला एक गोंडा. एवढाच होता हो कुत्रा, बाकी सगळे केस होते! आणि तो असा सुटला... अंगणाला फेऱ्यावर फेऱ्या, कान मागे, जीभ बाहेर, कित्येक दिवसांचं ओझं उतरल्यासारखा. त्याला कोण आनंद! आणि मला घाम. उद्या जेनीन! दिला होता ढग, घेऊन जाणार कोळंबी... माझ्या डोळ्यांपुढे ते वसतिगृह, आणि परत तो फ्रीज.

लोफ्टी टेबलावरच्या त्या घोंगड्याकडे बघत होता. "नेव्ह," म्हणाला, "कोट तर धड आहे."

"मग?"

"परत घालू या की!"

मोइरा म्हणाली, "ह्या चावटपणात मी नाही हं!" आणि लगेच, "दोरी पाठीवर दिसतेय, गाठ पोटाखाली मार."

रविवारी जेनीन आली. मी ओसरीत, लोफ्टी माझ्यामागे, मोइरा तिच्या मोरीच्या खिडकीत. गवताच्या पेंढ्या बांधायच्या दोरीनं बांधलेल्या स्वतःच्याच कोटात रेजिनाल्ड उभा. लांबून काय दिसत होता! जेनीन हसली, "अय्या बाबा, किती छान ठेवलात हो!" मी म्हटलं, "काही नाही करावं लागत..." तिनं गुडघे टेकले, हात पसरले, "रेजिनाल्ड!" आणि तो धावला. तो धावला, कोट नाही धावला! कोट जागच्या जागी उभा, आणि त्यातून कोळंबी सुटून जेनीनच्या गळ्यात!

मी लोफ्टीकडे बोट दाखवलं. लोफ्टी मोइराच्या खिडकीकडे. खिडकी बंद.

जेनीननं तो कोट उचलला. पुढून पाहिला, मागून पाहिला, दोरी पाहिली, पोटाखालची गाठ पाहिली. मी म्हटलं, गेला कुत्रा. आणि ती पायरीवर बसली आणि हसायला लागली. कशी? बेरिल हसायची तशी! घोड्यासारखी, फुरफुरत, डोळ्यांना पाणी! आईच्या मयतीनंतर ही पोरगी माझ्या घरात पहिल्यांदा हसली हो. मग मीही हसलो. लोफ्टी हसला, कारण वाचला.

मग डोळे पुसून तिनं रेजिनाल्डला उलटापालटा करून तपासला. काखा, कान, बोटांच्या बेचक्या. "एक ओरखडा नाही, बाबा?"

"नाही."

"मागे शहरातल्या दुकानात दिला होता, दोन ठिकाणी कापून पाठवला." मग तिची नजर दारातून आत गेली. बेरिलच्या खुर्चीवरची ती कुत्र्याची चादर बघत होती. "केस काय, वाढतील," म्हणाली. "राहू दे इथंच. पण एक अट. वाढायला लागले की रोज संध्याकाळी विंचरायचं, मुळापासून, आणि ते मी फोनवर, व्हिडिओ लावून बघणार. तुमच्या तोंडासकट. फसवायचं नाही."

तर आता असं आहे. पूर्वी तिचा फोन यायचा पंधरा दिवसांतून एकदा, 'जेवलात ना? बरं. ठेवते.' आता रोज. तिकडे खाणीतून, धुळीनं माखलेली, हेल्मेट काखेत. मी ओसरीत, रेजिनाल्ड मांडीवर, कंगवा हातात, फोन बादलीला टेकवलेला. ती खाणीतलं सांगते, मी इथलं सांगतो, लोफ्टीच्या चहाड्या करतो, बेरिलच्या गोष्टी निघतात... केस आता बोटाच्या पेराएवढे झालेत, कंगवा कसा लोण्यातून जावा तसा जातो. केस गळत नाहीत म्हणे! न गळोत! मी म्हणतो, आयुष्यात एकही न गळो!

काल मी मुद्दाम दाढी केली, चांगला शर्ट घातला. पोरगी रोज बघते, जरा बरं दिसावं. फोन लागला. ती किती वेळ डोळे भरून बघत होती हो... मग म्हणाली, "बाबा, जरा मान मागे घ्या ना. तुमची हनुवटी त्याच्या कानावर येतेय."

घेतली मागे. काय करता?