मोठीच्या तोंडातली लहान मासोळी

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात, दुपारी सव्वातीनले नागपूरच्या डॉक्टरनं आम्हा तिघांचं रक्त काढलं, मावशी — मी, माहे मालक आन हा माहा गुलाब — तिथून सुरू झालं हे सारं. आन तुमी म्हणता, केवळरामच्या बायकोनं, म्हंजे मी, खुशीनं नवरा सोडला! कोण सांगते? त्याईची मायच ना? बसा. मासोळी घ्याले आले म्हणता, पण नजर पोरावर आहे तुमची. पाहा ना — तीन वर्साचा झाला, चालत नाई अजून, पण हासते कसा! तुमच्या बहिणीची पोरगी चंदा देऊन राह्यले तुमी माह्या मालकाले — मले माहीत आहे. आरमोरीच्या बाजारात काय लपते?

रक्त मुंबईले गेलं होतं. निकाल आणाले मालक एकटेच गेले. म्हणे, तू पोराले धर, मी येतो जाऊन. आले, पायही नाई धुतले — अंगणात, मायसमोर, म्हणाले, हिच्या रक्तात खोट आहे. झालं! बुढीनं दुसऱ्याच दिवशी मले माहेरी धाडलं. आन मी खरं मानलं, मावशी — मानणार नाई त काय, सातवी शिकलेली मी!

मांगच्या महिन्यात गुलाबची छाती भरली, तवा भावासंगं गेले त्याच डॉक्टरकडं. तो म्हणते, तुह्या मालकाले त मी सारं समजावून सांगतलं होतं! थांबा, असं नाई समजत — ह्या पोत्यावर मासोळ्या मांडून दाखवते. हरेक जिवाच्या रक्तात बारीक काड्या असतात, गुणसूत्र म्हणते डॉक्टर. फोटो काढून जोडीजोडीनं मांडतात, मोठीपासून लहानीपर्यंत, अशा. माणसाच्या तेवीस जोड्या. मासोळीच्याही असतात म्हणे, बैलाच्याही — आकडा ज्याचा त्याचा. जोडीतली एक मायची, एक बापाची. ही माही रांग — साऱ्या जोड्या बरोबर. ही त्याईची — इथी एक लहान मोठीले चिकटली, अशी, तोंडात खुपसल्यावानी. त्याईले काही होत नाई त्यानं, माल पुरा आहे. पण गुलाबले ही चिकटलेली आली, आन वरून सुट्या लहान दोन, एक त्याईची, एक माही. एक जास्तीची झाली. दोष कोणाचाच नाई म्हणे. हरेक लेकरू असं होईल असंही नाई.

रक्ताचा राग नाई मले. पण सारं आयकून आलेला माणूस अंगणात उभा राहून असं बोलते? अजून यष्टी थांबली का मान वर होते माही, ते उतरले का म्हणून — एकडाव मायसमोर खरं बोलले असते, त — जाऊ द्या. हे नका सांगू कोणाले.

चंदाले मात्र रक्ताचं सांगा. लग्न करू नको म्हणत नाई मी, समजून करू दे. नाई त उद्या त्याच अंगणात ती उभी राहील. ह्या मासोळ्या न्या, अशाच मांडा तिच्यासमोर. मोठीच्या तोंडातली लहान काढू नका, तशीच दाखवा. उठा आता — मांगं गिऱ्हाईक उभं आहे.